निरोपाचे दोन अर्थ : ‘ओ रव्हार’ आणि ‘येतो’

फ्रेंच भाषेत निरोपाचे दोन प्रयोग विशेष रूढ आहेत. ‘आद्यू’ याचा व्युत्पत्त्यर्थ ‘ईश्वराच्या स्वाधीन’ असा, तर ‘ओ रव्हार’ याचा ‘पुन्हा दर्शन होईपर्यंत’ असा होतो. पहिल्याने जाणाऱ्याची चिंता देवावर सोपविली जाते. दुसऱ्याने पुनर्भेट गृहीत धरली जाते. म्हणूनच प्रमाण फ्रेंचमध्ये ‘आद्यू’ हा शब्द दीर्घ वा अखेरच्या वियोगापुरता उरला व नित्याच्या व्यवहारात ‘ओ रव्हार’ स्थिरावला. दक्षिण फ्रान्समध्ये मात्र ‘आद्यू’ भेटीच्या वेळीही म्हणतात. मराठी ‘रामराम’ हाही असाच आगमन व गमन या दोन्ही प्रसंगी चालतो.

‘ओ रव्हार’चा खरा सोयरा मराठीतील ‘येतो’ हा होय. ‘जातो’ म्हणणे अशुभ, कारण ‘गेला’ याचा एक अर्थ मरण पावला असा आहे. बांगडी फुटली असता ‘वाढवली’, दुकान बंद केले असता ‘वाढवले’ म्हणण्यामागेही हीच वृत्ती आहे. तथापि, फ्रेंच प्रयोगात भेट उभयतांची असते. मराठीत परतण्याचे दायित्व जाणारा एकटा पत्करतो.

या दायित्वाचे मोल बालाघाटाच्या परिसरातील भूमसारख्या गावी विशेष जाणवते. १९४८ पर्यंत भूम निजामी राज्यात होते आणि नजीकचा बार्शी तालुका इंग्रजी मुलखात, व १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारतात होता. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने उस्मानाबाद जिल्ह्यातील अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शीकडे गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्यांना परतीची वाट मोकळी झाली. परंतु त्याच काळात जिल्ह्यातील मुसलमान समाजावर अरिष्ट कोसळले. पंडित सुंदरलाल समितीने अत्यधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली आहे. ‘खुदा हाफिज’, म्हणजे ‘ईश्वर रक्षण करो’, हा निरोप अर्थाने ‘आद्यू’च्या निकटचा आहे, त्या दिवसांत त्यातील प्रार्थना शब्दशः खरी झाली. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, निरोपाचे हे दोन्ही प्रकार कसोटीस लागले.

सरहद्द मिटली, तरी स्थलांतर थांबले नाही. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील कित्येकांना गाव सोडावयास लावले. आजही या भागातील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. घरी राहिलेल्या वृद्धांचा निरोप घेताना ते ‘येतो’ असेच म्हणतात.

यावरून असे दिसते की, व्युत्पत्तीने निरोपाच्या शब्दाचा केवळ आरंभ कळतो. तो शब्द उच्चारून निघालेली माणसे परतली किंवा नाही, याचा शोध घेतल्यावाचून त्याचा इतिहास पुरा होत नाही.