धरणगावची बंदूक आणि दुर्बीण

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं, बंदुकीवर दुर्बीण कोणती घ्यावी? आम्ही उत्तर धरणगावपासून सुरू करतो. 1825 साली जेम्स आउट्रमनं खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तिचं ठाणं तिथं. साहेब भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारीला जाई. विश्वास जमला तो त्यातूनही. बंदुकीवर भिंग नव्हतं. माग काढणारे भिल्ल हीच त्याची दुर्बीण. इतिहासात नाव मात्र राहिलं नेम धरणाऱ्याचं.

शिकारीच्या दुर्बिणीला उजेड हवा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढा साधा हिशेब. 32 मिमी भिंग, चौपट वर्धन, म्हणजे डोळ्याशी 8 मिमीचा झोत. तेच सोळापट केलं तर 2 मिमी; तिन्हीसांजेला मग दिसणार काय? कागदी लक्ष्य उजेडात असतं, हलत नाही, तिथं सोळापट चालतं.

1972च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे बहुतेक उरलं ते कागदी लक्ष्यच. आणि गंमत बघा, 2024ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटरवर कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात दुर्बीण नियमातच बसत नाही. दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं, डोळ्यापुढं बारीक छिद्र, नळीच्या टोकाला कडी, बस्स.