नसरीन मोहमेदी यांची रेषा : कालनिश्चितीचा प्रश्न

पळसदरीच्या घाटपायथ्यापासून किहीमच्या पुळणीपर्यंत पसरलेल्या रायगड जिल्ह्याशी अमूर्त चित्रकर्ती नसरीन मोहमेदी यांचे नाते होते. जन्म कराचीचा (१९३७). निधन किहीम येथे (१९९०). लंडनच्या सेंट मार्टिन्समधील शिक्षणानंतर मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना गायतोंडे यांचा सहवास लाभला. १९७२ पासून त्यांनी बडोदे येथे अध्यापन केले.

त्यांच्या बहुतेक चित्रांना शीर्षक नाही, तारीखही नाही. इतिहासकारापुढील खरी अडचण हीच. कालक्रम लावावयाचा तो रेषेवरून : १९६० च्या दशकात शाईचे धूसर, निसर्गसूचक आकार, पुढील दशकात शाई व पेन्सिलीने आखलेल्या काटेकोर जाळ्या, अखेरीस मोकळ्या अवकाशात तरंगणाऱ्या मोजक्या तिरप्या रेषा. मज्जासंस्थेच्या विकाराने शरीरावरील ताबा सुटत असतानाही ही आखणी ढळली नाही.

अमेरिकन चित्रकर्ती अ‍ॅग्नेस मार्टिन यांच्याशी त्यांची तुलना वारंवार होते. ती अपुरी आहे. मार्टिन यांच्या जाळीत स्थैर्य आहे, तर नसरीन यांच्या रेषेत गती. या गतीचा उलगडा पाश्चात्त्य मिनिमलिझमपेक्षा त्यांच्या छायाचित्रांतून अधिक होतो. किनारे, वाळू, रस्त्यांवरील पट्टे टिपणारी ही छायाचित्रे त्यांनी हयातीत कधीही प्रदर्शित केली नाहीत.