तारांची शिस्त

संगणककक्षासाठी केबल-व्यवस्था कोणती निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता खरेदी विभागाचा आहे. जाळीचे ट्रे घ्यावेत की फरशीखाली पोकळी ठेवावी, केबलची जुडी प्लास्टिकच्या पट्टीने बांधावी की व्हेल्क्रोने, असे त्याचे स्वरूप असते. परंतु या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो संगणकाहून बराच जुना आहे.

1880 च्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तारायंत्र, टेलिफोन आणि विजेचे दिवे यांच्या तारा निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या सोयीने ओढल्या होत्या. त्या जमिनीखाली न्याव्यात असा कायदा 1884 मध्येच झाला होता. कंपन्यांनी तो टाळला. मार्च 1888 च्या हिमवादळात खांब आडवे झाले, तरी टाळाटाळ संपली नाही. 11 ऑक्टोबर 1889 रोजी जॉन फीक्स नावाचा तारकामगार मॅनहॅटनमध्ये खांबावर चढला. ज्या तारांवर त्याचे काम होते त्या तारायंत्राच्या, म्हणजे निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या. पण त्या गुंत्यात त्यांच्यापैकी एक तार दुसरीकडे कुठेतरी उच्च दाबाच्या तारेला टेकलेली होती. भर दुपारी, गर्दीच्या डोळ्यांदेखत तो गेला आणि त्याचा देह बराच वेळ तारांतच अडकून राहिला. त्यानंतर मात्र महापौर ह्यू ग्रँट यांच्या कारकिर्दीत खांबांवर कुऱ्हाडी चालल्या. कोणती तार कुठून कुठे जाते हे त्या खांबाखाली उभ्या असलेल्या एकालाही सांगता आले नसते, ही गोष्ट मला त्या मृत्यूइतकीच भयंकर वाटते.

बांधणीची कथा यापेक्षा सौम्य आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि पुढे विमानांत तारांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने, ठरावीक अंतरावर गाठी मारत बांधल्या जात. ते हातांचे कसब होते आणि बोटे सोलवटून काढणारेही. 1956 मध्ये थॉमस अँड बेट्स कंपनीच्या मॉरस लोगन यांनी बोइंगच्या कारखान्यात हे काम पाहिले; 1958 मध्ये त्यांनी शोधलेल्या दातेरी पट्टीच्या पेटंटसाठी अर्ज झाला. आज आपण जिला केबल-टाय म्हणतो ती हीच. तिचा दोष तिच्या गुणातच आहे: ती घट्ट बसते. नेटवर्कच्या केबलमध्ये तांब्याच्या चार जोड्या वेगवेगळ्या पिळाने वळलेल्या असतात, आणि एका जोडीतला संकेत दुसरीत झिरपू नये हे त्या पिळावर अवलंबून असते. पट्टी करकचून आवळली की पिळाची रचना बिघडते. म्हणून जाणकार कारागीर व्हेल्क्रोची पट्टी पसंत करतात. ती सोडवून पुन्हा बांधता येते, हा आणखी एक फायदा.

'व्यवस्था' हा शब्द खऱ्या अर्थाने लागू होतो तो 1984 नंतर. त्या वर्षी 1 जानेवारीला अमेरिकेतील बेल टेलिफोन साम्राज्याचे विभाजन झाले आणि इमारतीच्या आतल्या तारांचा कुणी एक धनी उरला नाही. प्रत्येक संगणक कंपनी आपली वेगळी केबल घेऊन येऊ लागली. 1991 च्या ईआयए/टीआयए-568 या मानकाने यात एक साधा नियम आणला: प्रत्येक टेबलापासून मजल्यावरच्या एका कपाटापर्यंत स्वतंत्र केबल, आणि तिची कायम बसवलेली लांबी 90 मीटरपेक्षा अधिक नाही. यंत्र बदलले तरी भिंतीतली तार बदलू नये, हा त्यामागचा विचार. ट्रे कोणता, फरशी कोणती, हे प्रश्न त्यानंतरचे.

माझ्या मते या मालिकेतले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित मानक म्हणजे 1993 चे 606. त्याचा विषय नोंदी आणि खुणा: केबलच्या दोन्ही टोकांना नाव हवे आणि तेच नाव वहीतही हवे. साहित्याच्या अभ्यासकाला याचे मर्म समजावून सांगायला नको. पोथीतली प्रक्षिप्त ओवी कोणती हे सांगता येत नसेल, तर संपादक ती भीतीपोटी तशीच ठेवतो. नाव नसलेल्या केबलचेही तेच होते. ती कापली तर काय बंद पडेल हे कुणालाच ठाऊक नसल्याने तिच्यावर नव्या केबल चढत जातात, फरशीखालचा थंड हवेचा मार्ग बुजतो, आणि आग लागली तर त्या मृत केबलींचे आवरण तिला इंधन पुरवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने 2002 मध्ये नियमच केला, की वापरातून गेलेल्या आणि हात पोहोचेल अशा केबल काढून टाकाव्यात. पुढे वापरायच्या म्हणून ज्यांच्यावर तशी चिठ्ठी लावलेली असेल, तेवढ्याच वगळून.