पार्किन्सन्स असताना व्यायाम: कधी करावा, काय जपावं?

पार्किन्सन्सचं निदान झालं की घरचे काळजीपोटी सांगतात, "पडाल, बसून राहा." पण बसून राहिल्याने स्नायू आणखी आखडतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. व्यायामाने हा आजार बरा होत नाही. मात्र चालणं, तोल आणि रोजची कामं सोपी होतात.

वेळ कोणती?

मेंदूतलं डोपामिन कमी झाल्याने हालचाल मंदावते. लेव्होडोपाची गोळी ही कमतरता भरून काढते. गोळीनंतर साधारण अर्ध्या ते एक तासात अंग मोकळं होतं. व्यायाम तेव्हाच करावा. गोळीच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत.

उन्हाळ्यात काय?

नांदेड-लातूरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. हा आजार आणि त्याची औषधं, दोन्हींमुळे उभं राहताच रक्तदाब घसरू शकतो. त्यात अंगातलं पाणी कमी झालं तर चक्कर येते. म्हणून सकाळी लवकर किंवा घरात पंख्याखाली व्यायाम करा, पाणी प्या आणि उठताना आधी मिनिटभर बसा.

काय करावं?

- आठवड्यात 150 मिनिटं चालणं किंवा जागेवरची सायकल. सुरुवात 10 मिनिटांपासून.
- भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून उठबस.
- स्वयंपाकघराचा ओटा धरून तोल सांभाळण्याचा सराव. जवळ कुणीतरी हवंच.
- वळताना गर्रकन नको, छोटी पावलं टाकत गोल वळा.
- ओली फरशी, सरकणारी सतरंजी आणि सैल चप्पल टाळा.

पाय जागीच थिजला तर?

घरच्यांनी ओढू नये. थांबा, ताठ उभे राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. मग शहाबादी फरशीची सांध ओलांडतोय असं समजून मोठं पाऊल टाका. "एक, दोन" मोजल्यानेही पाऊल सुटतं. तालाचा हाच उपयोग ओळखून पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले.

कुणाला विचारावं?

सुरुवातीआधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्या. नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ हा मराठीतला आधारगट रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतो.

छातीत दुखलं, खूप दम लागला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. वारंवार पडत असाल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.