कॅमेऱ्याने टाकून दिलेले आकडे

डिसेंबर २०१९ मध्ये आकाशनिरीक्षकांच्या तोंडी एकच विषय होता. मृगाच्या चौकोनातला तांबूस तारा, काक्षी, दिवसेंदिवस मंद होत चालला होता. त्या सुमारास एका शाळेतले दोन शिक्षक आणि आठवीची काही मुलेमुली यांच्याबरोबर मी एक साधा प्रकल्प सुरू केला. रात्री आठच्या सुमारास शाळेच्या गच्चीवर कॅमेरा लावायचा, काक्षी आणि रोहिणी एकाच चौकटीत येतील असे फोटो घ्यायचे, दोघांच्या तेजाचे गुणोत्तर काढायचे आणि आलेखावर एक टिंब द्यायचे. दोन महिने टिंबे खाली खाली उतरत होती आणि मुलांना रोजच्या टिंबाची उत्सुकता लागली होती.

फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात तारा सर्वांत मंद होता. त्याच आठवड्यातले आमचे चार रात्रींचे फोटो वाया गेले. चूक सर्वस्वी माझी. अंधारात कॅमेऱ्याची एक कळ दाबली गेली, तिच्या शेजारची चकती फिरली, आणि 'रॉ' प्रकारच्या फाइलींऐवजी कॅमेरा 'जेपेग' प्रकारच्या लहान फाइली साठवू लागला. पाचव्या दिवशी फोटो संगणकावर उतरवताना पाहतो तर पंचवीस मेगाबाइटची फाइल दोन मेगाबाइटवर आलेली!

मुलांना हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, फोटोत तारा तर स्पष्ट दिसतोय. मग तो चालत का नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर देताना मला गेल्या साठ वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तोच येथे मांडतो आहे.

चित्र म्हणजे आकडे

जुलै १९६५ मध्ये अमेरिकेचे मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने मंगळाची पहिली जवळून घेतलेली छायाचित्रे पाठवली. प्रत्येक चित्रात २०० आडव्या ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत २०० बिंदू. म्हणजे एकूण ४०,००० बिंदू. प्रत्येक बिंदू किती उजळ आहे हे ० ते ६३ यांपैकी एका आकड्याने सांगितलेले असे. असा एक आकडा लिहायला ६ बिट लागतात, म्हणून एका चित्राचे २,४०,००० बिट झाले. यानाचा संदेश पाठवण्याचा वेग होता सेकंदाला सुमारे ८.३३ बिट. भागाकार करून पाहा: एका चित्राला तब्बल आठ तास!

पहिले चित्र संगणकावर तयार होण्याची वाट पाहणे तिथल्या तंत्रज्ञांना असह्य झाले. आलेले आकडे त्यांनी कागदी पट्ट्यांवर छापून घेतले, पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग ते ठरवून खडूंनी रंगवल्या. मंगळाचे ते चित्र असे हाताने रंगवलेले होते. आलेखाच्या कागदावर हाच खेळ वर्गात सहज करता येतो. चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता, हे मुलांच्या मनात त्याने चांगले ठसते.

या प्रसंगातून पुढच्या अडचणीचीही चाहूल लागते. आकडे फार होतात. पाठवायचे तर वेळ लागतो, ठेवायचे तर जागा लागते. मग सगळेच आकडे ठेवायलाच हवेत का?

डोळ्याच्या सोयीने

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही चकती शोधली. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात तिच्या लहान लहान घरांमध्ये विद्युतभार साठतो आणि तो मोजता येतो. या शोधासाठी त्या दोघांना २००९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने अशी चकती वापरून हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते. चित्र काळेपांढरे, १०० गुणिले १०० बिंदूंचे. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत.

चकतीला रंग कळत नाहीत, फक्त प्रकाश कमी की जास्त एवढेच कळते. त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांनी त्यावर तोड काढली. चकतीच्या प्रत्येक घरावर एकेका रंगाची गाळणी बसवायची: दर चार घरांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. या रचनेचे पेटंट १९७६ साली मिळाले. हिरव्या दोन का? कारण बारीक तपशील ओळखताना आपला डोळा हिरव्या प्रकाशावर अधिक विसंबतो. प्रत्येक घराला एकच रंग मोजता येतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. 'रॉ' फाइलमध्ये हा अंदाज अजून केलेला नसतो. घरांनी जे मोजले ते आकडे बहुतांशी तसेच ठेवलेले असतात.

फारच सोपी कल्पना

आकडे कमी करण्याची जी युक्ती पुढे जगभर पसरली, तिच्यामागे नासिर अहमद यांचे नाव आहे. त्यांचा जन्म १९४० साली बंगळूरमधला. अभियांत्रिकीचे शिक्षण तेथेच घेऊन ते अमेरिकेला गेले आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी आपल्या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. अनुदान नाकारले गेले. एका परीक्षकाला ती कल्पना फारच सोपी वाटली होती! अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये अवघ्या काही पानांचा निबंध प्रसिद्ध केला. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हे त्या पद्धतीचे नाव.

नाव भारदस्त असले तरी तिचा गाभा समजायला अवघड नाही. चित्रातला आठ गुणिले आठ बिंदूंचा एक चौकोन घ्या. त्यात ६४ आकडे आहेत. त्यांच्या जागी दुसरे ६४ आकडे लिहायचे. पहिला आकडा चौकोनाची सरासरी उजळता सांगतो. पुढचे आकडे सांगतात की या सरासरीवर किती चढउतार आहेत: आधी संथ, लांबलचक लाटा, मग अधिकाधिक दाट लाटा. इथवर काहीच गमावलेले नसते. उलटे गणित केले की जुने ६४ आकडे परत मिळतात. फायदा एवढाच, की नेहमीच्या चित्रांमध्ये बहुतेक ऐवज पहिल्या काही आकड्यांत गोळा होतो आणि दाट लाटांचे आकडे अगदी लहान निघतात.

परीक्षक होते माणसांचे डोळे

१९८६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा एक गट स्थापन झाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'जेपेग' हा शब्द आला. त्यांच्यासमोरचा प्रश्न होता दूरध्वनीच्या तारांवरून रंगीत छायाचित्रे कशी पाठवायची हा. १९८७ साली आलेल्या बारा पद्धतींतून तीन निवडल्या गेल्या आणि जानेवारी १९८८ मधील दुसऱ्या चाचणीत कोसाइन पद्धत सरस ठरली. या चाचण्या कशा झाल्या हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दाबून लहान केलेली चित्रे माणसांना दाखवली गेली. कोणते चित्र कोणत्या पद्धतीचे ते त्यांना ठाऊक नव्हते. कसोटी एकच: डोळ्यांना कोणते चांगले दिसते? १९९२ साली हे मानक मंजूर झाले.

जेपेगमध्ये माहिती गळते ती प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिले ठिकाण रंगाचे. उजेडातला फरक आपल्या डोळ्याला बारकाईने कळतो, रंगातला तितका कळत नाही. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीचे मानक ठरले तेव्हाही रंगाला कमी जागा देऊन याचाच फायदा घेतला होता. जेपेगमध्येही बहुधा शेजारच्या बिंदूंचे रंग एकत्र करून सरासरी ठेवतात.

दुसरे ठिकाण भागाकाराचे. त्या ६४ आकड्यांपैकी प्रत्येकाला एका ठरावीक संख्येने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात लिहितात. मानकात उदाहरणादाखल दिलेल्या एका तक्त्यात पहिला भाजक १६ आहे आणि सर्वांत दाट लाटेचा ९९. समजा, भाजक १० आहे. मग २३ चे होतील २, आणि परत गुणल्यावर मिळतील २०. आणि ३ चे होईल शून्य. त्या शून्याकडे पाहून मूळ आकडा ३ होता, ४ होता की उणे २, हे कोणालाही सांगता येणार नाही. अशी शून्ये रांगेने येतात, आणि 'पुढे इतकी शून्ये' एवढेच लिहिले की भागते. फाइल लहान होते ती यामुळे.

शिक्षकांना हे नवीन नाही. गुणपत्रिकेवर गुण न लिहिता नुसते 'प्रथम श्रेणी' लिहिले तर ६१ टक्केवाला आणि ७४ टक्केवाली एकाच शब्दात बसतात. निकालाच्या फलकासाठी तेवढे पुरते. पण पुढे कोणी त्या फलकावरून वर्गाची सरासरी काढू म्हणेल तर ते शक्य नाही.

एक कळ, दोन वाटा

१९९१ साली कोडॅकने बातमीदारांसाठी व्यावसायिक डिजिटल कॅमेरा आणला. चित्रात सुमारे तेरा लाख बिंदू होते. चित्रे साठवायला २०० मेगाबाइटची चकती असलेली पेटी खांद्याला लटकवून हिंडावे लागे. तिच्यात १५६ चित्रे मावत. पुढे तिला जेपेग पद्धतीने चित्रे दाबणारे एक जादा सर्किट मिळू लागले. ते बसवले की त्याच पेटीत ६०० पर्यंत चित्रे मावत. सगळे आकडे ठेवून थोडी चित्रे, की थोडे आकडे टाकून पुष्कळ चित्रे, हा सौदा छायाचित्रकारापुढे असा उघड मांडलेला होता. त्यासाठी पैसे मोजून वेगळे यंत्र बसवावे लागे. चुकून तसे होण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे तो सौदा कॅमेऱ्याच्या मेनूतली एक ओळ झाला. साठवणीची कार्डे महाग होती तोवर बहुतेक साध्या कॅमेऱ्यांनी थेट जेपेगच दिले, आणि त्यात वावगे काही नव्हते. लग्नाचे, सहलीचे, वर्तमानपत्राचे फोटो माणसाने पाहायचे असतात आणि मानक माणसाच्या डोळ्यांवरच घासून घेतलेले आहे. ही युक्ती नसती तर सुरुवातीच्या मंद इंटरनेटवर छायाचित्रांची देवाणघेवाण फार जड गेली असती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक घरासाठी १६,३८४ पायऱ्या असतात आणि प्रकाश दुप्पट झाला की आकडाही जवळजवळ दुप्पट होतो. जेपेगमध्ये पायऱ्या फक्त २५६. शिवाय चित्र पडद्यावर चांगले दिसावे म्हणून कॅमेरा आधीच उजेडाचे प्रमाण वाकवतो. ढोबळमानाने सांगायचे तर प्रकाश दुप्पट झाला तरी आकडा १०० वरून १३७ च्या आसपासच जातो. वर कॅमेरा कडा धारदार करतो, बारीक ठिपके पुसतो, आणि मग आठ गुणिले आठच्या चौकोनांत भागाकार. चार-पाच बिंदूंचा तारा या सगळ्यातून जातो तेव्हा तो दिसतो छान, पण त्याच्या तेजाचा आकडा आधीच्या रात्रींच्या आकड्यांशेजारी ठेवण्याजोगा राहत नाही. जेपेग फाइल नंतर 'रॉ'सारख्या मोठ्या प्रकारात साठवली तरी उपयोग नाही. फाइल मोठी होते, गेलेले आकडे येत नाहीत.

गाळलेली जागा

काक्षी पुढे पुन्हा उजळला. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्यातून धूळ तयार झाली आणि तिने त्याचा काही भाग झाकला, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. एरवीच्या प्रकाशाच्या तुलनेत जेमतेम ३५-४० टक्केच प्रकाश आपल्यापर्यंत पोचत होता, तेव्हाच्या चार रात्री आमच्या आलेखावर नाहीत. जेपेगवरून काहीतरी आकडा काढून तेथे टिंब देण्याचा मोह मला झाला होता, हेही कबूल करतो. मुलांनी ते होऊ दिले नाही.

पण त्यांच्याकडे आणखी एक नोंद होती. पहिल्या दिवसापासून शिक्षकांनी त्यांना नुसत्या डोळ्यांनी पाहून एक वाक्य वहीत लिहायला लावले होते. त्या चार रात्रींच्या पानांवर लिहिलेले सापडले: 'काक्षी रोहिणीपेक्षा बरीच मंद. चौकोनातल्या शेजारच्या ताऱ्याएवढीच.' त्या शेजारच्या ताऱ्याचे तेज कोष्टकात दिलेले असते. त्यावरून मुलांनी चार पोकळ वर्तुळे काढली आणि खाली लिहिले: 'डोळ्यांनी केलेला अंदाज, कॅमेऱ्याचे मोजमाप नाही.'

त्या शाळेत आता निरीक्षणाआधी एक फोटो काढून त्याच्या फाइलचा प्रकार मोठ्याने वाचतात आणि तारीख-वेळेशेजारी वहीत लिहितात. हा रकाना आखला तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीने.