बिघडवले कोणी?

बीड जिल्ह्यातल्या धर्मपुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर चालुक्यकाळापासून सुरसुंदरी उभ्या आहेत. कमरेला बाक, अंगभर दागिने, आणि वस्त्र ओळखायचे ते दगडातल्या एखाद्या रेघेवरून. बीडच्या उत्तर सीमेवरची गोदावरी ओलांडली की पैठण. तिथल्या हाल सातवाहनाच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ शृंगाराने भरलेली, आणि त्यातल्या कितीतरी गाथा बाईच्या तोंडी. मग ‘पाश्चात्त्यांनी आपली पोरे बिघडवली’ हे पारावरचे पालुपद आले कुठून? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आरोप नेमका उलटा होता. आपले देव, आपल्या लावण्या मिशनऱ्यांना असभ्य वाटत. 1860 च्या दंडसंहितेने अश्लीलता गुन्हा ठरवली, आणि शिकलेल्या मराठी माणसाने साहेबाची लाज उचलून तिला आपली संस्कृती म्हटले. फ्रान्समध्ये गणित शिकून आलेल्या र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये लैंगिक शिक्षणाचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, तेव्हा त्यांना कोर्टात खेचायला हाच कायदा कामी आला. 1934 मध्ये त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तिकडे चीनमध्ये झांग जिंगशेंग हे बीजिंगचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, तेही फ्रान्सहून शिकून आलेले. 1926 मध्ये त्यांनी लोकांच्या लैंगिक अनुभवांचे पुस्तक छापले आणि बदनामी पदरात घेतली. त्याच चीनने 1983 मध्ये पश्चिमेकडून येणाऱ्या ‘आध्यात्मिक प्रदूषणा’विरुद्ध मोहीम उघडली. पश्चिमेचा माल एकजिनसी नव्हताच. लाज आणि कर्व्यांचे धाडस, दोन्हींना खतपाणी तिकडूनच मिळाले.

यावर कोणी म्हणेल, बीड तर 1948 पर्यंत निजामाचे. इंग्रजांचा कायदा इथे कुठला? खरे आहे. पण बहुतेक मराठी पुस्तके आणि मासिके पुण्या-मुंबईला छापली जात, आणि वाचणाऱ्याच्या मनात लाज शिरायला तेवढे पुरते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: संयमाची शिकवण साहेबाच्या आधीची, महानुभाव भिक्षूंचे नियम तर कमालीचे कडक. पण ते संन्याशांसाठी होते, कायद्याचा बडगा सगळ्यांसाठी. आणि भिंतीवर सुरसुंदरी कोरली म्हणून घरातली बाई मोकळी होती, असा निष्कर्ष मी काढणार नाही. सुरसुंदरी शुभचिन्ह होती, तिला कोणी विचारून कोरले नव्हते. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचेच पाहा. परळीच्या वैजनाथाशी ठरलेले लग्न मुहूर्त टळल्याने राहिले, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी कथा आहे. बिनलग्नाच्या देवीपुढे सारा जिल्हा माथा टेकवतो, पण घरातल्या पोरीचे लग्न वर्षभर लांबले तर त्याच माणसाच्या कपाळाला आठी पडते. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी. सोनोग्राफीचे यंत्र परदेशातून आले असेल. पोटात काय आहे हे विचारणारा माणूस मात्र इथलाच होता.