पडद्यावरचे हर्ट्झ

मॉनिटर विकत घ्यायला गेलो की खोक्यावर आकड्यांची गर्दी दिसते: २४ इंच, १९२० × १०८०, १४४ हर्ट्झ, १ मिलिसेकंद. शाळेसाठी खरेदी करणारे शिक्षक असोत की प्रोग्रॅमिंग शिकू लागलेला बारावीचा विद्यार्थी, साधारण समज असा असतो की आकडा मोठा तो पडदा चांगला. यांपैकी ‘हर्ट्झ’ या एकाच आकड्याचा इतिहास आपण पाहू. पैसे कशासाठी मोजायचे आणि कशासाठी नाही, हे त्यातून बरेचसे उलगडते.

विझणारे चित्र

१८९७ साली स्ट्रासबर्ग येथे कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी कॅथोड किरण नलिका तयार केली. काचेच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडायचा, तो चुंबकाने हवा तसा वळवायचा आणि समोरच्या फॉस्फरच्या लेपावर आदळवायचा. जिथे झोत पडेल तिथे ठिपका उजळतो. संगणकाने ही नळी लवकरच उचलली. १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ चालवला, तो अशाच नळीवर. पुढे टर्मिनल आले आणि प्रोग्रॅम लिहिण्याचे कामही याच नळीवर होऊ लागले. अशा पडद्यांवर एका ओळीत ८० अक्षरे मावत. हा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० रकान्यांच्या पंचकार्डावरून आलेला.

पण या नळीत एक अडचण होती. उजळलेला ठिपका क्षणार्धात विझू लागतो. म्हणून झोताला सगळा पडदा पुन्हा पुन्हा रेखाटावा लागतो. एका सेकंदात तो किती वेळा रेखाटला जातो, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. तो कमी असेल तर पडदा लुकलुकतो. डोळ्याच्या कडेची दृष्टी अशा लुकलुकीला अधिक संवेदनशील असते, त्यामुळे नजर थोडी बाजूला वळवली की ती जास्त जाणवे. ६० हर्ट्झवर अनेकांचे डोळे शिणत. ७५ किंवा ८५ वर आराम वाटे. आकडा मोठा तो पडदा चांगला, ही समजूत त्या काळात अगदी रास्त होती.

गाजरातून आलेला पडदा

आजच्या बहुतेक मॉनिटरांचे मूळ मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. १८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनित्झर गाजरापासून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. त्याचे एक संयुग १४५.५ अंश सेल्सिअसला वितळे, पण द्रव गढूळ दिसे, १७८.५ अंशांना तो एकदम नितळ होई. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे? ओटो लेहमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले की हा गढूळ द्रव वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. हाच द्रवस्फटिक.

पुढे सुमारे ८० वर्षे त्याचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रवस्फटिकाचा पडदा जाहीर केला. थोड्याच काळात शाट आणि हेलफ्रिश यांनी रेणूंची पीळदार रचना सुचवली. दोन ध्रुवक पट्ट्या एकमेकींशी काटकोनात ठेवल्या की प्रकाश अडतो. मधल्या द्रवस्फटिकाचा पीळ त्याला ९० अंशांनी फिरवून पार नेतो. विद्युतदाब दिला की पीळ सुटतो आणि ठिपका काळा होतो. नेहमीच्या तापमानाला टिकणारा पदार्थ मात्र हवा होता. तो १९७३ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने दिला.

या पडद्यामागचा दिवा सतत चालू असतो आणि प्रत्येक चित्रबिंदू पुढचा आदेश येईपर्यंत आपली स्थिती धरून ठेवतो. विझणे नाही, म्हणून ती जुनी लुकलुकही नाही. काही मॉनिटरांत उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवाच वेगाने चालू-बंद केला जातो, पण त्याचा हर्ट्झच्या या आकड्याशी संबंध नाही.

मग आता हर्ट्झ सांगतो काय? नवे चित्र किती लवकर येते एवढेच: ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी, १४४ ला दर ६.९ मिलिसेकंदांनी. पळत्या खेळात हा फरक दिसतो, अर्थात संगणक तितकी चित्रे तयार करू शकत असेल तरच. स्थिर मजकुराला त्याचा उपयोग थोडाच.

निवड करताना

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी अक्षरांचा रेखीवपणा पाहावा. १९२० × १०८० बिंदू २४ इंचांत असतील तर इंचाला सुमारे ९२ बिंदू पडतात. २७ इंचांत तेच ८२ वर येतात आणि अक्षर भरड दिसते. २७ इंच हवे असतील तर २५६० × १४४० घ्यावे. मग इंचाला १०९ बिंदू मिळतात.

वर्गात ४० मुले एका पडद्याकडे पाहतात. तिथे महत्त्वाचा तो पाहण्याचा कोन. पिळाच्या जुन्या पद्धतीत बाजूने रंग बिघडतात. या दोषावर उतारा म्हणून पुढे चकतीच्या आकाराच्या रेणूंचे पापुद्रे वापरले गेले. असे रेणूही द्रवस्फटिक होतात, हे १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. चंद्रशेखर १९५१ चे नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी. आज आयपीएस प्रकारचा पडदा घेतला की कोनाचा प्रश्न बहुतांशी मिटतो. शाळेसाठी जादा पैसे मोजायचेच असतील तर ते यासाठी मोजावेत.

वर्गात करून पाहण्यासारखे दोन प्रयोग. पोलरॉइड चष्म्यातून साध्या कॅल्क्युलेटरकडे पाहा आणि चष्मा हळूहळू फिरवा. एका कोनात आकड्यांची खिडकी पूर्ण काळी होते. मोबाइलच्या उजळ, पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्या रंगात लपलेले तांबडे, हिरवे, निळे ठिपके दिसतात. मग मुलांना विचारा: यातले कोणते ठिपके विझत आहेत आणि कोणते नुसते अडवले जात आहेत?